बी पेरण्याआधी : शोभिवंत वृक्ष आणि झुडपे बियांपासून वाढवण्याविषयी प्रस्तावना

ज्या वृक्षांची आणि झुडपांची लागवड मुख्यतः फुलांसाठी, सुगंधासाठी, पानांच्या रंगासाठी किंवा सावलीच्या डौलासाठी केली जाते, त्यांना उद्यानविद्येत शोभिवंत वृक्ष-झुडपे असे म्हणतात. त्यांची वाढ दोन मार्गांनी करता येते. पहिला मार्ग बियांचा आहे आणि त्यात परागण, फलधारणा व बीजधारणा या क्रमाने नवा जीव तयार होतो. दुसरा मार्ग शाकीय अभिवृद्धीचा असून त्यात छाट लावून, गुटी बांधून, डोळा भरून किंवा कलम करून आहे त्याच झाडाचा एक भाग स्वतंत्र केला जातो. फळबागांमध्ये दुसऱ्या मार्गाचे यश इतके मोठे आहे की कलम म्हणजे खात्रीचे आणि रोप म्हणजे बेभरवशाचे, अशी समजूत सामान्य बागप्रेमींतही रूढ झाली आहे. हापूस आंब्याच्या बाबतीत ती योग्यच आहे. मात्र बहावा, ताम्हण, पळस, काटेसावर, कांचन किंवा सीताअशोक यांसारख्या वृक्षांना तीच फूटपट्टी लावली, तर त्यांच्या स्वभावातील सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. या प्रस्तावनेत महाराष्ट्रातील अशा वृक्ष-झुडपांच्या बियांचा विचार केला आहे. बी हे पेरणीचे निव्वळ साधन नसून त्या वृक्षाच्या अधिवासाची आणि ऋतूंची त्यात नोंद असते, आणि ती नोंद वाचता आली की पेरणीची रीत आपोआप हाती येते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंस्काराचा विचार आपल्याकडे नवा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिलेला असून त्यात बी दुधात भिजवणे, तुपाचा हात लावणे, शेणात घोळणे आणि धुरी देणे असे पेरणीपूर्व उपचार सांगितले आहेत. त्यांतील प्रत्येक उपचार आजच्या कसोटीवर टिकेल असे नाही, पण बी जसेच्या तसे मातीत टाकण्यापूर्वी त्याच्यावर काही क्रिया करावी लागते, हे निरीक्षण त्यामागे स्पष्ट दिसते. आधुनिक काळात ब्रिटिश वनाधिकारी आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृक्षांच्या वनसंवर्धनावरील बृहद्ग्रंथात शेकडो जातींची फळे, बिया, अंकुरण आणि रोपावस्था यांची तपशीलवार वर्णने दिली, आणि शतक उलटले तरी त्या ग्रंथाचे महत्त्व कमी झालेले नाही. पश्चिम भारतातील वनस्पतींची ओळख थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाने १९०१ ते १९०८ या काळात पक्की केली, तर ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या १९३७ मधील पुस्तकाने सुंदर भारतीय वृक्ष सामान्य वाचकापर्यंत नेले. मराठीतही दुर्गा भागवत यांचे ऋतुचक्र आणि डॉ. शरदिनी डहाणूकर यांचे ललितलेखन यांनी झाडांकडे पाहण्याची दृष्टी घडवली. फुलांबद्दलची ही जाण मराठी वाचकाकडे आहेच; ती बियांपर्यंत पोहोचवणे हे आता करण्याजोगे काम आहे.

बियांपासून झाड का वाढवावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर विविधतेत आहे. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण नीतीच्या प्रांतात खरी असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या प्रांतात ती अर्धीच खरी ठरते. परपरागण होणाऱ्या वृक्षाच्या प्रत्येक बीत मातृवृक्षाचे आणि कुठल्या तरी अज्ञात पितृवृक्षाचे गुण नव्या रीतीने एकत्र येतात, आणि त्यामुळे एकाच झाडाखाली वेचलेल्या शंभर बियांपासून शंभर वेगवेगळी झाडे उभी राहतात. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणाची बियांपासून वाढवलेली रांग पाहिली तर हे डोळ्यांना दिसते : एका झाडाची फुले फिकट गुलाबी, दुसऱ्याची गडद जांभळी, तिसऱ्याचा बहर आठवडाभर आधी आणि चौथ्याचा उशिरा. रस्त्याच्या कडेला एकसारखेपणा हवा असणाऱ्याला हा दोष वाटेल, परंतु रोग, कीड किंवा दुष्काळ आला असता सर्वच झाडे एकदम बळी पडत नाहीत, याचे कारण हाच वेगळेपणा असतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण हाँगकाँगच्या कांचनाचे आहे. १८८०च्या सुमारास तेथे आढळलेला आणि पुढे तेथील ध्वजावर विराजमान झालेला हा संकरित कांचन बी धरत नाही. जगभरच्या उद्यानांत आज दिसणारी त्याची झाडे एकाच मूळ झाडाचे भाग असून ती कलमांनी, छाटांनी किंवा गुटीनेच वाढवलेली आहेत. ते फूल देखणे आहे यात शंका नाही, परंतु त्या झाडापुढे निसर्गाने वाट ठेवलेली नाही, आणि माणसाने हात काढून घेतला की त्याचा वंश थांबतो. आपल्या डोंगरउतारांवरचा साधा कांचन मात्र वैशाखाच्या उन्हात शेंगा तडकवून आपल्या बिया स्वतःच दूर उडवतो.

दुसरे उत्तर मुळांशी संबंधित आहे. बीतून प्रथम बाहेर येणारे आदिमूळ सरळ खाली जाऊन त्याचे सोटमूळ बनते, आणि कोरड्या ऋतूचे सात-आठ महिने काढणाऱ्या वृक्षाला हेच मूळ तारते. छाटापासून तयार झालेल्या झाडाला खोडाच्या बुडातून फुटणारी आगंतुक मुळे असतात. ती पुरेशी ठरू शकतात, पण खोलवर जाणाऱ्या सोटमुळाची जागा त्यांना नेहमीच घेता येत नाही. अर्थात सर्व शोभिवंत झाडांना बीजमार्ग लागू पडतो असे मानणे चुकीचे होईल. दुहेरी पाकळ्यांच्या तगरीत किंवा अनंतात पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते आणि त्यामुळे बी सहसा धरत नाही. बागेतला मोगरा आणि बहुतेक संकरित जास्वंदी छाट किंवा गुटीनेच वाढवाव्या लागतात. सोनचाफ्याचे रोप फुलायला बरीच वर्षे घेते, तर त्याचे कलम दोन-तीन वर्षांत फुलते आणि म्हणून फुलांचा व्यवसाय करणारा शेतकरी कलमच पसंत करतो. ज्याला एका विशिष्ट झाडाची हुबेहूब प्रतिकृती हवी त्याने कलम करावे आणि ज्याला त्या जातीचा वंश पुढे न्यायचा आहे त्याने बी पेरावे, असा ढोबळ निवाडा यातून करता येतो.

पेरणीची रीत समजण्यासाठी बीची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बीमध्ये मुख्यतः तीन घटक असतात : बाहेरचे संरक्षक बीजावरण, आतला भ्रूण म्हणजे इवलेसे झाड, आणि त्या झाडाची शिदोरी. ही शिदोरी कधी भ्रूणाच्याच बीजदलांत, म्हणजे डाळिंब्यांत, भरलेली असते, तर कधी भ्रूणपोष नावाच्या वेगळ्या ऊतीत असते. पाणी, हवा आणि अनुकूल तापमान मिळूनही जिवंत बी रुजत नसेल, तर ते सुप्तावस्थेत आहे असे म्हणतात. जेरी आणि कॅरोल बास्किन या वनस्पतिशास्त्रज्ञ दांपत्याने २००४ मध्ये सुप्तावस्थेचे पाच वर्ग मांडले. आवरणच पाणी आत जाऊ देत नसेल तर ती भौतिक सुप्तावस्था, भ्रूणाची वाढ अपुरी असेल तर आकारिकीय, भ्रूणाच्या अंतर्गत रासायनिक स्थितीमुळे अंकुरण अडत असेल तर शरीरक्रियात्मक, आणि उरलेले दोन वर्ग या कारणांच्या संयोगांतून बनलेले आहेत. माळ्याच्या दृष्टीने या वर्गीकरणाचे मोल असे की अडथळा नेमका कोठे आहे हे कळले की उपायही तेवढाच नेमका करता येतो.

भौतिक सुप्तावस्थेचे आपल्या परिचयाचे उत्तम उदाहरण बहाव्याचे आहे. उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडलेल्या बहाव्याला पावसाळ्यात हिरव्या कांड्यांसारख्या शेंगा लागतात, आणि त्या पिकून काळपट व्हायला पुढचा हिवाळा-उन्हाळा उजाडतो. हातभर लांबीची अशी एक शेंग हलवून पाहिली तर आतल्या बियांचा खुळखुळाट ऐकू येतो. ती फोडली असता नाण्यांची चवड रचावी तसे पातळ पडद्यांचे कप्पे दिसतात, प्रत्येक कप्प्यात काळा, गोडसर, चिकट गर असतो आणि त्या गरात एकेक चपटे, तपकिरी, काचेसारखे चकचकीत बी बसलेले असते. आयुर्वेदात आरग्वध नावाने सारक म्हणून वापरला जातो तो हाच गर. रानात कोल्हे, माकडे यांसारखे प्राणी गरासाठी शेंग फोडतात आणि बी दूरवर नेतात. हे बी आहे तसे पाण्यात टाकले तर आठवडाभरानेही बहुतेक दाणे होते तसेच कोरडे राहतात, कारण बीजावरणातील घट्ट रचलेल्या पेशींचा थर आणि त्यावरचा मेणचट लेप पाण्याला वाट देत नाहीत. तेच बी कानशीवर किंवा काचकागदावर एका बाजूने, आतला फिकट थर दिसेपर्यंत घासले आणि रात्रभर पाण्यात ठेवले, तर सकाळी ते फुगून मूळ आकाराच्या जवळजवळ दुप्पट झालेले आढळते. घासताना बीची नाभी, म्हणजे ज्या जागी ते शेंगेला जोडलेले होते तो ठिपका, टाळावी आणि तिच्या विरुद्ध बाजूला ओरखडा द्यावा, कारण आदिमूळ नाभीच्या जवळच दडलेले असते.

बिया पुष्कळ असतील तर एकेक घासण्याऐवजी गरम पाण्याची पद्धत वापरतात. पाणी उकळून भांडे चुलीवरून उतरवावे, बियांच्या चार-पाच पट पाणी घेऊन त्यात बिया सोडाव्यात आणि पाणी निवेपर्यंत व पुढे एक रात्र त्या तशाच ठेवाव्यात. फुगलेल्या बिया वेगळ्या काढून लगेच पेराव्यात आणि न फुगलेल्यांवर पुन्हा तोच उपचार करावा. बिया चुलीवरच्या उकळत्या पाण्यात शिजवणे मात्र घातक ठरते. मोठ्या रोपवाटिकांत तीव्र गंधकाम्लाचाही उपयोग करतात, परंतु ते त्वचा आणि डोळे यांना अत्यंत अपायकारक असल्यामुळे घरगुती बागेत त्याला थारा देऊ नये. गुलमोहर, शंकासुर आणि शिरीष यांच्या कठीण बियांनाही घासणे किंवा गरम पाणी यांपैकी एक उपाय मानवतो.

असे कठीण आवरण ही निसर्गाची चूक नाही. वैशाखात वळवाची एखादी जोरदार सर येते, जमीन दोन दिवस ओली राहते आणि पुन्हा तीन-चार आठवडे ऊन तापते. त्या सरीवर सगळ्याच बिया रुजल्या तर सगळीच रोपे करपतील. आवरणाच्या कमी-अधिक कठीणपणामुळे काही बिया यंदा, काही पुढच्या वर्षी आणि काही त्याहीनंतर रुजतात आणि वंश एका पावसाच्या भरवशावर राहत नाही. ही सहनशक्ती किती असू शकते, याचा पुरावा शिरीषाच्याच कुळातील एका शोभिवंत वृक्षाने दिला आहे. १७९३ मध्ये चीनमध्ये गोळा केलेल्या रेशमी शिरीषाच्या बिया लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील संग्रहात ठेवलेल्या होत्या. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात तेथे आग लागली, ती विझवताना संग्रह भिजला आणि १४७ वर्षांनंतर त्यांतील काही बिया रुजल्या.

याच्या नेमके उलट वागणारा बियांचा दुसरा मोठा गट आहे. ब्रिटिश बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये साठवणक्षमतेवरून बियांचे दोन प्रकार सांगितले. वाळवून थंड जागी ठेवल्या असता दीर्घकाळ टिकतात त्या पहिल्या प्रकारच्या, आणि वाळल्या की मरतात त्या दुसऱ्या प्रकारच्या. मराठीत त्यांना अनुक्रमे शुष्कसह आणि शुष्कभीरू असे म्हणता येईल. बहावा, गुलमोहर, शंकासुर हे शुष्कसह गटात मोडतात. त्यांच्यासाठी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम उपयोगी पडतो : ठरावीक मर्यादेत बीतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसने उतरले, तर बीचे आयुष्य अंदाजे दुप्पट होते. आंबा आणि फणस ही शुष्कभीरू गटाची घरोघरी माहीत असलेली उदाहरणे होत, आणि शोभिवंत वृक्षांत सीताअशोकाच्या बियांनाही असाच उशीर खपत नाही.

सीताअशोक हा या विषयातील सर्वांत जिव्हाळ्याचा आणि सर्वांत काळजीचा वृक्ष आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे, आणि औषधासाठी सालीची होणारी ओरबाड हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. त्याच्या चपट्या, चिवट शेंगांतून निघणाऱ्या मोठ्या बिया रसरशीत असतात आणि उन्हात वाळत टाकल्या तर थोड्याच दिवसांत त्यांची उगवणक्षमता संपत जाते. कडधान्याप्रमाणे बी आधी खडखडीत वाळवावे आणि मग सवडीने पेरावे, ही चांगल्या शेतकऱ्याची सवय येथे बियांचा घात करते. अशा बिया शेंगेतून काढल्यावर सावलीत, ओलसर भुशात किंवा वाळूत ठेवून चार-सहा दिवसांच्या आत पेरणे हाच खरा मार्ग आहे. अनेकांच्या अंगणात ‘अशोक’ म्हणून उभा असलेला उंच, लांब पानांचा वृक्ष वेगळ्याच कुळातला असून त्याला आसुपालव म्हणतात. त्यामुळे बी गोळा करण्यापूर्वी झाडाची ओळख पक्की असणे ही या कामातली पहिली अट ठरते.

या दोन टोकांच्या मध्ये अनेक जाती आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकीचे वेगळेपण समजून घ्यावे लागते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते आणि शेंगेचा उरलेला पातळ भाग पंखासारखा काम करून तिला वाऱ्यावर दूर नेतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘मोनोस्पर्मा’ या पदाचा अर्थही एकबीजी असाच आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पिकणारे हे बी त्याच पावसाळ्यात पेरलेले चांगले. काटेसावरीची बोंडे चैत्र-वैशाखात फुटतात, रेशमी कापसाबरोबर काळ्या तेलकट बिया उडू लागतात, आणि तेलाचे प्रमाण अधिक असल्याने त्या लवकर खवट होतात. म्हणून बोंड तपकिरी पडल्यावर पण फुटण्यापूर्वी उतरवावे, कापडाखाली वाळवावे आणि मृगाच्या पावसापर्यंत पेरणी आटोपावी. सोनचाफ्याच्या बीवर लाल, तेलकट गराचे वेष्टन असते आणि पक्षी त्यावर तुटून पडतात. हे वेष्टन वाळूत चोळून धुऊन काढल्याशिवाय बी पेरू नये. शिवाय आतला भ्रूण अगदी लहान असल्यामुळे अंकुर दिसायला एक-दोन महिने लागू शकतात, आणि त्या काळात धीर सोडून वाफा उकरणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे होय. समुद्रकाठच्या उंडीचे बी टणक कवचात असते. कवच अलगद फोडले तर बी खूप लवकर रुजते. कांचन आणि पारिजातक यांच्या ताज्या बियांना मात्र खास उपचारांची गरज पडत नाही. पारिजातकाच्या चपट्या गोलसर फळाचे दोन भाग होतात आणि प्रत्येकात एक बी मिळते. कुंतीची लाल फळे गर काढून लगेच पेरावीत.

परदेशी पुस्तकांवर विसंबून काम करणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. शीत कटिबंधातील मॅपलसारख्या वृक्षांच्या बियांना हिवाळा संपल्याची खूण पटावी लागते, म्हणून त्या ओलसर माध्यमात काही आठवडे थंडीत ठेवतात, आणि या उपचाराला शीतस्तरण असे नाव आहे. त्या हवामानात ते योग्यच असले, तरी सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या झाडाला कडक हिवाळा ठाऊकच नाही. त्याच्या बीला प्रतीक्षा असते ती पावसाची, आणि उष्ण कटिबंधातील कित्येक शुष्कभीरू बिया शीतकपाटात ठेवल्या तर गारठ्यानेच मरतात.

बी गोळा करण्याचे वेळापत्रक आपल्याकडे ऋतूंनीच आखून दिले आहे. थंडी पडू लागली की ताम्हणाची गोल, टणक बोंडे पिकून पाच-सहा फाकांत उकलतात आणि प्रत्येक फाकेतून पातळ पंखाच्या हलक्या बिया बाहेर पडतात. उकललेले रिकामे बोंड पुढे कित्येक महिने फांदीवरच राहते, त्यामुळे झाडावर बोंडे दिसतात म्हणजे बी आहे असे समजू नये. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत शेंगांचा आणि कापसाळ बोंडांचा हंगाम असतो, कारण त्या काळात झाडे बहुधा निष्पर्ण असतात, वारा मोकळा वाहतो आणि पुढे लगेच पाऊस येणार असतो. रसाळ फळे मोठ्या प्रमाणावर पावसाच्या तोंडी पिकतात आणि त्यांच्या बियांना कोरड्या दिवसांशी सामना करावाच लागत नाही. बीचा स्वभाव आणि त्याच्या पिकण्याचा काळ यांचा असा मेळ असल्यामुळे, एखाद्या अपरिचित झाडाचे बी हाती आले तरी ते केव्हा पिकले आणि कशाने पसरते हे पाहून त्याच्या पेरणीचा बराचसा अंदाज बांधता येतो.

बी एकाच देखण्या झाडावरून न घेता, परस्परांपासून अंतरावर असलेल्या दहा-पंधरा निरोगी झाडांवरून थोडे थोडे घ्यावे, म्हणजे पुढच्या पिढीत विविधता राहते. शेंगांवर बारीक गोल छिद्रे दिसली तर आतल्या बिया भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या असण्याचा संभव मोठा असतो. पाण्यात तरंगणारे ते पोचट अशी परीक्षा सगळीकडे लावतात, परंतु पंखाच्या किंवा कापसाळ बियांना ती लागू पडत नाही. त्याऐवजी पाच-दहा बिया आडव्या कापून आतला भ्रूण पांढरा, भरीव आणि ताजा आहे का हे पाहणे अधिक विश्वसनीय असते. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतून बी आणणे कायद्याला धरून नाही, आणि त्याची गरजही नसते, कारण रस्त्याकडेची, देवळाच्या आवारातली आणि सार्वजनिक बागांतली झाडे परवानगीने भरपूर बी देतात. जेथून घ्यावे तेथेही पाखरांचा आणि मातीचा वाटा शिल्लक ठेवावा.

पेरणीसाठी पोयटा माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे सारख्या भागांचे मिश्रण बहुतेक जातींना चालते. अट एवढीच की पाणी साचता कामा नये. बी त्याच्या जाडीच्या दुपटीहून खोल पुरू नये, आणि ताम्हणासारख्या हलक्या किंवा धायटीसारख्या धुळीएवढ्या बियांवर तर बारीक वाळूचा नुसता हात फिरवावा. रोपे बोटभर होईपर्यंत सर्वांत मोठा धोका रोपमर या रोगाचा असतो. त्यात जमिनीलगत खोड पाणचट होऊन काळे पडते आणि संध्याकाळी ताठ उभे असलेले रोप सकाळी आडवे झालेले दिसते. पिथियम आणि रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे हा रोग होतो, दाट पेरणी आणि सततचा ओलावा त्याला पोषक ठरतो, म्हणून विरळ पेरणी, खेळती हवा आणि सकाळी एकदाच बारीक झारीने पाणी हेच त्यावरचे सर्वांत चांगले औषध होय.

अंकुरणाचे दोन प्रकार स्वयंपाकघरातली कडधान्ये पेरून कोणीही पाहू शकतो. वाल मातीत पेरला तर त्याच्या डाळिंब्या जमिनीवर उचलल्या जातात, तर हरभऱ्याच्या मातीतच राहतात. पहिल्याला भूम्युपरिक आणि दुसऱ्याला अधोभूमिक अंकुरण म्हणतात. बहाव्याचे अंकुरण पहिल्या प्रकारचे आणि उंडीचे दुसऱ्या प्रकारचे आहे. हे ठाऊक असले म्हणजे उंडीच्या वाफ्यात डाळिंब्या वर आल्या नाहीत म्हणून कोणी चिंता करत नाही, आणि बहाव्याच्या रोपाची डाळिंबी निरुपयोगी समजून खुडत नाही. पुढे पिशवीत वाढणाऱ्या रोपाचे सोटमूळ तळाशी पोहोचून गोल गोल गुंडाळू लागते, आणि ही गुंडाळी तशीच जमिनीत गेली तर काही वर्षांनी मुळेच झाडाचा गळा आवळतात. लावणीच्या वेळी पिशवीचा तळ कापून गुंडाळलेली मुळे छाटावीत, आणि पळसासारख्या, पहिल्या वर्षी वर कमी व खाली जास्त वाढणाऱ्या झाडाचे बी शक्य असेल तर कायमच्या जागीच पेरावे.

बियांपासून झाडे वाढवणाऱ्यावर एक जबाबदारीही येते. आज डोंगरउतारांवर, पडीक रानांत आणि जंगलांच्या कडांना दाटलेली घाणेरी अमेरिका खंडातून भारतात आली ती शोभेचे झुडूप म्हणूनच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात तिची लागवड झाली, बुलबुलांसारख्या फळे खाणाऱ्या पक्ष्यांनी तिची काळी फळे पसरवली आणि गुरांना न चालणाऱ्या या झुडपाने देशी गवते व झुडपे हटवून लाखो एकर व्यापले. याचा अर्थ प्रत्येक परदेशी झाड त्याज्य आहे असा नव्हे. मादागास्करहून आलेला गुलमोहर आपल्या रस्त्यांत आणि मराठी कवितेतही सामावला आहे. तथापि नवे शोभिवंत झाड निवडताना ते किती सुंदर आहे या प्रश्नाबरोबरच त्याचे बी कोण नेईल आणि ते कोठे रुजेल, हाही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ताम्हण, बहावा, कांचन, काटेसावर, पांगारा, सीताअशोक, बकुळ, कुडा, धायटी आणि पारिजातक एवढी समृद्धी ज्या भूमीत आहे, तेथे देशी झाडांची रोपे मिळत नाहीत ही तक्रार बऱ्याच अंशी बी वेळेवर न वेचल्याची आणि योग्य रीतीने न पेरल्याची तक्रार आहे.

या विद्येला मोठे भांडवल लागत नाही. शेंग पिकते केव्हा हे पाहण्याची नजर, बीचा स्वभाव ओळखण्याइतके ज्ञान आणि काही वर्षे थांबण्याची तयारी एवढेच तिला पुरते. वाचकांना विनंती एवढीच की या वर्षी आपल्या परिसरातले एक देशी फुलणारे झाड निवडावे, त्याच्या फुलाबरोबर फळाचीही वाट पाहावी, बी हाती येताच ते शुष्कसह की शुष्कभीरू हे जाणून त्यानुसार पेरावे, आणि प्रत्येक पिशवीला मातृवृक्षाचे ठिकाण, बी वेचल्याची तारीख आणि पेरणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. अशा दहा नोंदी जमल्या की त्या भागातील त्या झाडाच्या पेरणीविषयी कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा अधिक खात्रीचे मार्गदर्शन तयार होते, आणि पुढच्या पेरणाऱ्याला त्याचीच सर्वाधिक गरज असते.